तलावावरची लाल रेघ

हे म्या आजवर कोणाले सांगितलं नाई. बायकोले नाई, देवापुढं बी नाई. तोंडच उघडलं नाई — काऊन, ते आता समजंन तुमाले.

आमच्या गावच्या कमेटीचा मी चावीवाला. तलावावरची चावी फिरवायची, नळाले पाणी सोडायचं, एवढंच काम. त्या साली पाऊस रुसला. अन् नागपूरहून, तवा आपली राजधानी तेच होती, नवा कायदा आला — तलावाचं पाणी खुणेखाली गेलं का घरातले नळ बंद, पाणी फक्त चौकातल्या नळाले. किसन गवंड्यानं माप घेऊन तलावाच्या भिंतीवर लाल रेघ मारली. फीत म्या धरली होती. हे ध्यानात ठेवा — फीत म्याच धरली होती.

घरात नळ कोणाचे? मोठ्या लोकाइचे. त्यातलेच एक कमेटीचे उपाध्यक्ष, त्याइनंच मले नोकरीले चिकटवलं होतं. चैतात पाणी रेघीले टेकलं, तवा ते ओसरीवरून हासत म्हणाले, आता आमचा बी नळ बंद करशीन का रे? बस, एवढंच. रेघ पुस, असं काई ते म्हणाले नाईत. मंग म्या काऊन केलं? भ्यालो — दुसरं काय सांगू? भर दुपारी, तलावावर चिटपाखरू नसताना, इटेच्या तुकड्यानं रेघ घासली, वरून चिखल फासला, अन् पाणी उतरल्यावर दीड हात खाली तशीच लाल दुसरी मारली.

घरातले नळ चालू राह्यले. वैशाखात तलावात गाळ उरला. चौकातला नळ नुसती हवा फेके. बाया नाल्यात झिरे खांदत बसल्या, माही बायको बी त्यातच. उन्हातून आली का म्हणे, पाणी इतक्यात कसं सरलं हो? मी भाकर खात राहो.

बुलढाण्याहून साहेब आले. मोजलं — रेघ चुकलेली. कोणी मारली? किसन गवंडी पुढं झाला. बुढा माणूस. म्हणाला, म्या बरोबर मारली होती. मंग माह्याकडं वळला.

"फीत तूच धरली होती ना, बाबू. सांग न साहेबाले."

"मले याद नाई, साहेब."

तो भांडला नाई. शिवी देल्ली नाई. पागोटं सावरलं अन् घराकडं चालू लागला.

त्याच्यानंतर त्याले कोणी काम देईना. ज्याच्या हाताले माप नाई, त्याच्याकडून घर कोण बांधून घेईन? पोरीकडं साखरखेर्ड्याले गेला, तिकडंच मेला. ऐकलं तवा मले रडू आलं नाई. आज बी येत नाई.

माह्या दाराशी रांजणाचा ओटा आहे. त्या सालाच्या आधी किसननंच बांधून देल्ता. बायको सकाळी रांजण काठोकाठ भरते — पाणी चारी अंगानं काठाले सारखं टेकते. थेंब इकडं नाई, थेंब तिकडं नाई. मी रोज पाहतो.

मले सगळं याद होतं.