शेवटच्या भागातला डबा

कोशिंबीर संपली, तसं टेबलावरचं बोलणंही संपलं. अशी शांतता मला सोसत नाही. वाटी खरवडत मी म्हणालो, “ती नवी मालिका बघताय की नाही? त्या माणसाची नोकरी जाते, आणि बायकोला न सांगता तो रोज ऑफिसला म्हणून बाहेर पडतो. माझे दहापैकी आठ!”

बोललो आणि समोर बघितलं. माझ्या मित्राचा घास हातातच राहिला होता.

कारण त्याची नोकरी गेली होती, आणि तोही रोज ऑफिसला म्हणून बाहेर पडत होता. अमेरिकेतल्या आमच्या या अख्ख्या शुगर लँड गावात हे फक्त मला ठाऊक होतं. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये, गाडीचा एसी चालू ठेवून, त्यानं मला सांगितलं होतं. दिवसभर पलीकडच्या गावातल्या लायब्ररीत बसायचं, तिथूनच अर्ज पाठवायचे. व्हिसाचे दिवस भराभर चालले होते. ते संपायच्या आत दुसरी नोकरी मिळाली नाही, तर घर, मुलांची शाळा, सगळं आवरून भारतात परत.

“हिला कळू देऊ नको बे,” तो म्हणाला होता. “काहीतरी हातात आलं की मीच सांगतो.”

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. त्यानं तिथल्या एखाद्या ट्रॉलीला सांगितलं असतं, तर जास्त सुरक्षित राहिलं असतं.

आमची दोन घरं दर शनिवारी एकत्र जेवतात. आठवड्यात जे बघितलं त्याला जेवताना मार्क द्यायचे, हा आमचा जुना खेळ. मी त्यात स्वतःला परीक्षक समजतो. तोंड उघडलं की मार्कच बाहेर पडतात, त्याआधी विचार पडत नाही.

आता विषय बदलायला हवा होता. पण माझी बायको मार्क द्यायला सरसावली होती.

“आठ कसले? मी तीन देईन. त्याची बायको म्हणजे अगदीच ठोंबी! नवरा रोज मॉलमध्ये जाऊन बसतो आणि हिला पत्ता नाही?”

“अगं, जरा कोशिंबीर वाढ ना.”

“संपली मघाशीच. आणि तो तरी काय? इतकं खोटं बोलायचं? तुम्ही सांगा भावजी, असं कोणी करतं का?”

भावजी म्हणजे माझा मित्र. तो पाणी प्यायला. पेला खाली ठेवताना ताटाला लागून खणकन वाजला.

“मी नाही बघितली,” तो म्हणाला. संध्याकाळपासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य असावं. वर दोन्ही घरांची मुलं गेम खेळत ओरडत होती.

“मी बघितलीय,” त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या.

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. “ती ठोंबी नाहीये. तिला माहीत असतं. शेवटच्या भागात कळतं ते.”

“ए, आमचा शेवटचा राहिलाय!” माझी बायको ओरडली. “बरं, सांगच आता. कसं कळतं तिला?”

“डब्यावरून. आधी तो डबा संध्याकाळी तसाच खरकटा परत आणायचा. मग एकदम रोज लख्ख धुतलेला यायला लागला. ऑफिसात कधी वेळ नव्हता ना त्याला डबा धुवायला.”

आम्ही त्या मालिकेचे शेवटचा सोडून सगळे भाग बघितले होते. त्यात डबा कुठेच नव्हता. तो माणूस मॉलमध्ये पिझ्झा खायचा.

मित्र ताटाकडे बघत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, “मग तिनं विचारलं का नाही त्याला?”

“विचारलं असतं तर त्याला आणखी एक खोटं बोलावं लागलं असतं,” वहिनी म्हणाल्या. “म्हणून ती वाट बघते. आणि रोज भाजी जरा जास्त घालते.”

“पुढे?” माझ्या बायकोचा आवाज आता खाली आला होता.

“पुढचं नाही बघितलं. झोप लागली मला.”

गोडाला श्रीखंड होतं, ते कोणी मागितलं नाही. मित्र उठला, आपलं ताट घेतलं, मग वहिनींचंही घेतलं आणि सिंककडे गेला. नळ उगाचच बराच वेळ वाहत होता. मग वहिनींनी आपल्या मुलांना हाक मारली. मुलं खाली यायला तयार नव्हती, तेव्हा माझी बायको म्हणाली, “राहू देत आज इथेच.”

दोघंच गेले. म्हणजे गाडीत बसले. गाडी आमच्या दारासमोर ड्राइव्हवेमध्ये तशीच उभी राहिली, इंजिन चालू. मी खिडकीच्या ब्लाइंड्सच्या फटीतून बघत होतो. आतला दिवा लागला. वहिनींनी आपला चेहरा दोन्ही हातांत धरला होता आणि तो बोलत होता, सारखा बोलत होता. मग वहिनींनी एक हात काढून त्याच्या पाठीवर ठेवला, तेव्हा मी ब्लाइंड्स सोडले.

मागे बायको उभी होती. तिच्या हातात न उघडलेलं श्रीखंड.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

मी मान डोलावली. आता झापणार, म्हणून तयार राहिलो. तिनं श्रीखंड फ्रिजमध्ये ठेवलं आणि दार लावून त्यालाच टेकली.

“तुझी नोकरी गेली तर त्याच दिवशी मला सांगायचं. पहाटे उठून मी फुकटचे डबे भरणार नाही,” ती म्हणाली. “आणि नोकरी असली तरी डबा धुऊन आणायला हरकत नाही.”