दसारामचं वल्हं

इटियाडोह धरणाच्या त्या घाटावर कोणी वल्हं घरी नेत नसे. वल्हं डोंग्यातच ठेवायचं. ज्याला पलीकडे जायचं त्याने कोणाचाही डोंगा घ्यावा आणि परत आणून लावावा. पस्तीस वर्षं मासे धरणारा दसाराम नान्हेही तेच करत आला होता.

दोन हजार बारा साली नागपूरचं एक जोडपं स्वतःची पांढरी बोट गाडीवर लादून आलं. पाण्यावर हिंडायचं, बोटीतच राहायचं. बाईने विचारलं, "काका, चार दिवस बोट इथं लावू? भाडं किती?"

"बोट बांधाचं कायचं भाडं जी? बांधा."

तो बोलला खरा, पण डोक्यात किडा वळवळला. नुसती बोट बांधायला पैसे देणारा माणूस सरळ कसा असेल? वरून तो गडी दोरीला वजन लावून पाण्याची खोली मोजून राहिला, वहीत लिहून राहिला. धरण घशात घालायला आले लेकाचे!

दिवेलागणीला दसारामने आपलं वल्हं गुपचूप घरी नेलं.

सकाळी शेतावर निघालेल्या शकुंतलाबाईने रिकामा डोंगा पाहून बोंब ठोकली, "दसारामचा वल्हा चोरून नेला!" घाटावर माणसं जमली. सगळ्यांच्या नजरा पांढऱ्या बोटीकडे वळल्या. "मीच नेला" म्हणायला दसारामची जीभ रेटली नाही.

जोडपं दुपारीच निघून गेलं. त्या संध्याकाळी जो तो आपलं वल्हं खांद्यावर टाकून घरी गेला. अजूनही नेतात. शकुंतलाबाई पलीकडे जायला घाटावर ताटकळत बसते.

"त्या शहरवाल्यायनं घाट नासवला," ती म्हणते.

"हो जी," दसाराम म्हणतो.