चिबडातली सोजरबाई

सोजरबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या उपटलेलं गवत बांधावर मांडत होत्या. टाकत नव्हत्या, मांडत होत्या. एकेक जुडी, मुळं आभाळाकडे आणि पानं खाली. मी सायकल उभी करून विचारलं, "मावशी, असं उलटं का ठेवता?" वर न बघताच त्या म्हणाल्या, "ह्या चिबडात नुसतं टाकलं तर परत धरतंय. मुळाला ऊन दावल्याबिगर मरत न्हाय."

मी शेतकी खात्यात नवा होतो. तेरला खोली घेऊन आसपासची गावं सायकलवर फिरायचो. बाहत्तरचा दुष्काळ सरून पाच-सहा वर्षं झाली होती. सोजरबाईंच्या गावात तलावाच्या भिंतीखाली पाझरानं कायम ओली राहणारी चिबड जमीन होती. ज्वारी तिथं पिवळी पडायची. कुणालाच नको असलेली ती जमीन सरकारनं बौद्ध वस्तीतल्या अकरा भूमिहीन घरांच्या सोसायटीला दिली. सोसायटी जुळवली सोजरबाईंच्या नवऱ्यानं. दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर तापानं तो गेला आणि त्याच्या जागी सभासद म्हणून त्यांचं नाव लागलं. मुलगी एकच, तीही लातूरकडे दिलेली.

चिबडात साळ तेवढी येई. सगळी घरं मिळून पेरत. पण साळीचा दाणा हाती यायला दिवाळी उजाडणार, आणि चूल तर रोज पेटायला हवी. म्हणून पेरणी झाली की माणसं ढोकीकडच्या उसाच्या मळ्यांत रोजंदारीला जात. मागं राहत सोजरबाई आणि पाच एकर तण.

हे तण मोठं फसवं. निसवेपर्यंत, म्हणजे लोंबी बाहेर पडेपर्यंत, अगदी साळीसारखं दिसतं. त्या वर्षी मी स्वतःच त्यांच्या मदतीला म्हणून वाकलो आणि साळीचीच चार ताटं उपटली. त्या रागावल्या नाहीत. माझ्या हातातलं ताट घेऊन पान मागं वाकवलं आणि पान जिथं काडीला मिळतं तिथं नख ठेवलं. पांढरा, कागदासारखा पातळ पापुद्रा होता. "ही साळीची जीभ. गवताला ती न्हाय. गवत मुकं असतंय." मग म्हणाल्या, "म्या बी दिसभर मुकीच. घरी गेल्यावर चिमणीच्या दिव्याला तरी काय बोलावं?"

एवढं मोठं वाक्य मी त्यांच्याकडून क्वचितच ऐकलं. एरवी "व्हय", "न्हाय" आणि जाताना "जयभीम साहेब". दुपारी भाकरी सोडून बसत तेव्हा मात्र त्यांचं तोंड गावाच्या रस्त्याकडे असे.

भादव्यात तालुक्याहून एक साहेब जमिनीच्या पाहणीला आले. जमीन पडीक दिसली तर ती परत सरकारजमा करायची, अशी अट होती. बरोबर मी होतो. साहेब बांधावर उभे राहिले. समोर पाचही एकर गच्च हिरवे. "पीक झकास आहे की," म्हणाले आणि कागदावर लिहू लागले. मला ठाऊक होतं, निम्म्याहून कमी रान खुरपलेलं आहे, बाकीच्यात गवतच जास्त. मी गप्प राहिलो. बाईंचं भलं होतंय, असं मनाशी म्हणालो.

सोजरबाई चिखलातून वर आल्या. "साहेब, हे समदं पीक न्हाय. त्या अंगाला निम्मं गवत हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटाकडे.

"म्या एकलीनं किती खुरपू? दिवाळीला ह्यातनं दाणा निघायचा न्हाय. मग तुमीच लिवणार, ह्यांनी जमीन बसवून ठिवली. त्यापरीस आताच आमच्या माणसान्ला सांगा, चार दिस या म्हनून. माझं कुणी ऐकत न्हाय."

साहेबांनी लिहिलेलं खोडलं. आठवड्याभरात दहा घरांना नोटिसा गेल्या. महिन्यात रान स्वच्छ झालं नाही तर जमीन जाईल.

माणसं परतली ती संतापूनच. पुढं होता तुळशीराम, त्यांच्या सख्ख्या दिराचा मुलगा. माझ्यासमोरच तो म्हणाला, "काकी, तुमाला कुणी इचारलं व्हतं? त्यांला हिरवं दिसत व्हतं, दिसू द्यायचं. आमचा रोज बुडविला."

"त्यांला हिरवं दिसलं रं. आपल्याला तर कळत व्हतं न्हवं?" त्या म्हणाल्या.

नऊ दिवस सगळी वस्ती साळीत वाकली. एका अंगाला तीस-पस्तीस माणसं, बायांची गाणी, पोरांचा कालवा. दुसऱ्या अंगाला सोजरबाई. दुपारी सगळे बाभळीखाली भाकरी खायला बसले. त्यांना कुणी हाक मारली नाही. त्या आपल्या बांधावर बसल्या. साळ चांगली झाली, जमीन वाचली. त्यांच्या वाट्याचं पोतं कुणीतरी दारात ठेवून गेलं, आवाज न देता.

मी एकदा धीर करून म्हणालो, "मावशी, त्या दिवशी ते मी सांगायला हवं होतं. बोलणी तुम्हाला बसली नसती."

त्या खुरप्याचा चिखल काडीनं काढत होत्या. "तुमी सांगितलं असतं तर तुमाला शिव्या देऊन इसरली असती माणसं. तुमी काय, बदलून जाल. पर खरं बोलणं तुमच्यानं झालं असतं, तर बरं झालं असतं."

पुढच्याच उन्हाळ्यात माझी जिल्ह्यातल्याच वाशीला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तर घराला कडी होती. शेतावर जायचा धीर मला झाला नाही.

पाच वर्षांनी उस्मानाबादच्या बसस्टँडवर तुळशीराम भेटला. गाडीला वेळ होता. मी काकींची चौकशी केली.

"गेल्या. औंदाच्या पंचमीच्या आदल्या दिशी," तो म्हणाला. "नोटिशीपासनं आमी त्यांच्याशी बोलत नव्हतो साहेब. पर खुरपायला दर साली येत व्हतो. आमी रस्त्याच्या अंगानं धरायचो, त्या तलावाच्या अंगानं. मधी गाठ पडली की त्या तिकडं वळायच्या, आमी हिकडं. समोरासमोर यायचो, तरी एक शबुद न्हाय. चार सालं असंच."

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"औंदा मधापातूर आलो, पुढं त्यांच्या अंगाला समदं गवतच. बाया म्हनल्या, आता दुसऱ्याच्या रानात रोज धरलाय, आमाला यायचं न्हाय."

"मग ते तसंच राहिलं?"

"न्हाय. म्या खुरपलं. बापय माणूस बायांचं काम करतुया म्हनून लोक बांधावर येऊन हसून गेली." तो रिकाम्या फलाटाकडे बघत राहिला. "सतरा दिस लागलं, साहेब. एकल्याला लई लांब वाटतंय ते रान."