लाल कॅलिपर आणि बाबांचा ब्रेक

पुण्याच्या माझ्या मावसभावाचं लग्न ठरलं आणि त्यामुळे यवतमाळला आमच्या घरी गाडी आली. होणाऱ्या बायकोने त्याला स्पष्ट सांगितलं होतं, की रविवार एकतर माझ्याबरोबर घालव, नाहीतर गाडीखाली झोपून. आमच्या नशिबाने त्याने बायको निवडली. गाडी मी घेतली.

वरून गाडी साधीच होती. लहानशी, चांदीच्या रंगाची, मास्तरणीला शोभेल अशी. पण पुढच्या चाकांमधून आत डोकावलं की लालभडक काहीतरी चमकायचं. ते कॅलिपर. चाकामागच्या लोखंडी चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून गाडी थांबवणारा जो भाग असतो, तो. कंपनीने दिलेले काढून भावाने शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसले बाहेरचे कॅलिपर बसवले होते. भरधाव गाडी जागच्या जागी उभी करणं हे त्यांचं काम. आणि त्यांची बदली झाली कुठे, तर आमच्या जिल्ह्यात, जिथे हंगामात कापसाच्या बैलबंड्यांमागून आणि एरवी खड्ड्यांमधून जाताना भरधाव हा शब्द आम्ही फक्त पेपरात वाचायचो. एका गावात तर एका म्हातारीने चाकाशी वाकून विचारलं होतं, "चाकाले कुंकू लावलं काय बाई?"

गाडी माझ्या नावावर असली तरी तिच्यावर हक्क बाबांचा. बाबा एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. उभी नोकरी पांढरकवडा, केळापूर, झरी जामणी या भागात झाली. झरीकडची मुक्कामी गाडी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होती. त्या रस्त्यावरचं कुठलं वळण कुठल्या मोहाच्या झाडाशी येतं हे त्यांना पाठ होतं. मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवली, लायसन्स काढून दिलं, आणि नंतर स्टिअरिंगला हात लावू दिला नाही.

ती कापसाची वाईट वर्षं होती. कापसाला भाव नव्हता, पण आमच्या जिल्ह्याला एकदम भाव आला होता. दिल्ली-मुंबईहून पत्रकार यायचे, समित्या यायच्या, कॅमेरे यायचे, प्रबंध लिहिणारी मुलं यायची. सगळ्यांना आतली गावं पाहायची असत आणि दिवस मावळायच्या आत परतायचंही असे. कॉलेजमधले माझ्या ओळखीचे एक सर अशा पाहुण्यांना बाबांकडे धाडत. बाबा पांढरा शर्ट घालून निघत. डॅशबोर्डवरच्या छोट्या बुद्धमूर्तीवरून फडकं फिरवत, पाहुण्यांना पट्टा लावायला सांगत आणि त्यांना अशा गावी नेत, जिथे त्यांच्या आधीची समिती पोचलेली नसे. हा शेवटचा मुद्दा पाहुण्यांना फार आवडायचा. रिटायर झाल्यावर घरात नुसता पंखा पाहत बसणारा माणूस पुन्हा ड्युटीवर गेला होता, आणि खरं सांगते, मला त्याचा आनंद पाहुण्यांपेक्षा जास्त होता.

बाबांचा एक सिद्धांत होता. पाहुणा गाडीत बसला की पहिल्याच उतारावर तो त्याला ऐकावा लागे.

"ब्रेक मारते तो डायवर कायचा? गाडी गिअरवर उतरवाची. ब्रेक मारनं म्हंजे आपली चूक कबूल करनं."

डिझेल वाचवल्याबद्दल डेपोत त्यांना शाल-नारळ मिळाला होता. त्याचा फोटो बैठकीत होता, आजोबांच्या फोटोपेक्षा मोठा.

एका हिवाळ्यात गाडीचं पुढचं चाक किंचाळायला लागलं. आम्ही ती बाबांच्या ओळखीच्या मेकॅनिकभाईकडे नेली. हा गृहस्थ बाबांना उस्ताद म्हणायचा आणि त्या लाल कॅलिपरवर त्याचा जीव जडला होता. गाडी आली की गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचा. "रेसिंगचं सामान हाय. धावती मालगाडी थांबवीन." त्याने चाक उतरवलं, कॅलिपरमधून ब्रेकचे पॅड ओढून काढले आणि उजेडात धरले. पॅडवर घासायला मसाला म्हणून काही उरलाच नव्हता. लोखंड लोखंडावर घासत होतं.

आम्ही दोघांनी बाबांकडे पाहिलं. जो माणूस ब्रेक मारत नाही, त्याचे ब्रेक संपले होते.

"माल हलका होता," बाबा म्हणाले.

भाई मोठ्या पेचात पडला. माल हलका म्हणावं तर त्याच्या लाडक्या कॅलिपरचा अपमान. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर असतो म्हणावं तर उस्तादचा. त्याने पॅड उलटसुलट पाहिला, नखाने खरवडला आणि तिसरीच वाट काढली. "रुई घुसली उस्ताद. कापसाच्या बंड्यायमागं चालते ना गाडी. रुई जाते अंदर आणि पॅड खाते."

बाबांनी जोरात मान हलवली. त्या वर्षांत जिल्ह्यात काहीही बिघडलं की ते कापसावर जायचं. ब्रेकचे पॅडही गेले.

नवे पॅड आणताना भाईने घोळ घातला. नागपूरच्या दुकानात त्याने गाडीचं नाव सांगितलं. पॅड आले, पण कॅलिपरमध्ये शिरेनात. त्याने दुकानदाराला शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दुकानातून आणवले. तेही तसेच, कारण नाव तेच सांगितलं होतं. मग तो म्हणाला, कानशीने घासून बसवतो. मी म्हटलं, खबरदार. या सगळ्यात गाडी गॅरेजमध्ये चाकाविना विटांवर उभी होती, पाहुण्यांचे फोन येत होते, आणि बाबा मजेत होते. मला याचंच नवल वाटलं. एरवी एसटी जरा उशिरा आली तरी फलाटावर येरझारा घालणारा हा माणूस आरामात चहा पीत म्हणत होता, "येतीन पॅड. घाई कायची?"

शेवटी मी मावसभावाला फोन लावला. तो हसला. पॅड गाडीच्या नावाने नाही, कॅलिपरच्या नावाने मागायचे. गाडीची कंपनी वेगळी, कॅलिपरची वेगळी. मीच धाडतो, म्हणाला. मग त्याने विचारलं, "पण संपले कसे गं? तुमच्याकडच्या वेगाला ते कितीतरी वर्षं जायला हवे होते. काका काय ब्रेकवर पाय ठेवूनच चालवतात का?"

मी म्हटलं, रुई घुसली. तो पुन्हा हसला. मला मात्र हसू आलं नाही.

पॅड आले आणि घट्ट बसले. त्याबरोबर भावाची सूचनाही आली, की नवे पॅड चकतीला मिळून यायला हवेत. मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवायची, करकचून ब्रेक दाबायचा, पुन्हा पळवायची, पुन्हा दाबायचा. बाबांना हे ऐकूनच कसंतरी झालं. "एवढ्या उमरीत कोनी मले असे ब्रेक मारायले लावले नाही."

"मी चालवते मग," मी म्हटलं.

"तू कायले? मी मेलो काय?"

दुपारची वेळ होती. आम्ही पांढरकवड्याच्या रस्त्याला लागलो. बाबा स्टिअरिंगवर, मी त्यांच्या डावीकडे, भाई मागे. आज पहिल्यांदाच मी त्यांच्या पायाकडे पाहत होते. रस्ता रिकामा होता तरी पाय ब्रेकवर टेकलेला. पळसाची सावली आली की दाबला जायचा, मैलाचा दगड आला की दाबला जायचा. झरीची मुक्कामी गाडी अंधारात डोळे मिटून नेईन म्हणणारा माझा बाप भरदिवसा प्रत्येक सावलीला घाबरत होता. मला त्यांचा भयंकर राग आला. कुणाकुणाला घेऊन हिंडलात या अवस्थेत, असं ओरडावंसं वाटलं. आणि त्याच वेळी त्यांचा हात धरावासाही वाटला.

"पळवा उस्ताद," मागून भाई म्हणाला. "आत्ता ब्रेक नका मारू. मी सांगतो तवा."

बाबांनी पाय उचलला. गाडीने वेग घेतला. डावीकडच्या पांदणीतून एक बंडी रस्त्यावर येत होती. कापसाने शिगोशीग भरलेली, घराएवढी उंच, पांढरीफेक. मी ती केव्हाच पाहिली होती. बाबांनीही पाहिली असणारच म्हणून मी सांगितलं नाही. बैल डांबरावर चढले तरी बाबांचा पाय हलला नाही.

"बाबा! बंडी!"

त्यांनी ब्रेक दाबला आणि कॅलिपरनी आपलं काम केलं. ज्यासाठी ते जन्माला आले होते ते काम आमच्या जिल्ह्यात त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. गाडी बैलांच्या शिंगांपाशी खिळल्यासारखी उभी राहिली. मागून भाईचं डोकं माझ्या सीटवर आपटलं, आणि कपाळ चोळत तो पहिलं वाक्य बोलला, "पाहा! हाय की नाही माल!"

बंडीवाला खाली उडी मारून आला. "काहून बे बुढ्या? एवढी मोठी बंडी दिसत नाही काय तुले?"

अशा प्रश्नाला बाबांनी जन्मभर काय उत्तर दिलं असतं ते मला ठाऊक होतं, त्यातलं अर्धं इथे लिहिता येणार नाही. मी कान पाडून वाट पाहत होते. बाबांनी काच खाली केली.

"नाही दिसली, बापू," ते म्हणाले.

बंडीवाला भांडायच्या पूर्ण तयारीने आला होता. "मंग सांभाळून जात जा ना," असं पुटपुटून त्याने बैल हाकले. बंडी समोरून हळूहळू गेली. बाबा तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं, उतरले, बॉनेटला हात लावत लावत पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आले.

"तिकडं बस," म्हणाले.

परतताना गाडी मी चालवली. पुढे डॉक्टरांनी सांगितलं तो काचबिंदू होता. डावीकडची नजर गेलेली होती आणि ती परत येणारी नव्हती. बाबांनी ते ऐकून फक्त मान हलवली. त्यांना ते आमच्या आधीपासून माहीत होतं.

पाहुणे त्यानंतरही येत राहिले, कापसाचं काही बरं झालं नव्हतंच. सुट्टीच्या दिवशी गाडी मी चालवते. बाबा पांढरा शर्ट घालून डावीकडे बसतात, रस्ता सांगतात आणि पहिल्याच उतारावर पाहुण्यांना ऐकवतात, की खरा ड्रायव्हर ब्रेक मारत नाही, माझी पोरगी पाहा, गिअरवर उतरवते. ते बोलत असतात आणि खाली त्यांचा उजवा पाय प्रत्येक बंडीला, प्रत्येक सावलीला, जिथे ब्रेक नाही तिथे दाबत असतो.

पॅड अजून तेच आहेत. डावीकडची चटई मात्र भोक पडलं म्हणून बदलावी लागली.