वहीतले पाव, साडे आणि पाऊण

मला एक्सेल येत होतं आणि त्याचा मला नको इतका अभिमान होता. विरार पूर्वेला एका क्लासात तीन महिने जाऊन मी ते शिकले होते, सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं होतं, आणि अंधेरीच्या आमच्या ऑफिसात कुणाची बेरीज अडली की 'सरका जरा' म्हणत त्याच्या खुर्चीत जाऊन बसत होते. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. त्या काळी एवढ्या भांडवलावर माणूस हुशार ठरत असे, आणि मी ते भांडवल भरपूर मिरवून घेतलं.

शेजारच्या टेबलावर वसईजवळच्या सांडोर गावची एक मुलगी बसायची. माझ्याच वयाची, कमी बोलणारी. तिच्या वडिलांची केळीची आणि भाजीची वाडी होती, वाडीत विहीर. एकदा जेवताना तिने विचारलं, "आमच्या पपांची वही टाईप करून देशील का? साहेबाला कागद द्यायचाय."

तिने सांगितलं ते असं. दिवाळीनंतर शेजारच्या वाडीतल्या विहिरीवर टँकर लागायला लागले होते. सकाळपासून पंप चालायचा, आणि तेव्हापासून यांच्या विहिरीचं पाणी खाली चाललं होतं. गावाने अर्ज केला होता. चौकशीला एक अधिकारी येणार होता आणि त्याने, तोंडी तक्रार नको, आकडे दाखवा, असं सांगून ठेवलं होतं. आकडे तिच्या वडिलांकडे होते. चार वर्षं, दर रविवारी, ते विहीर मोजून वहीत लिहीत आले होते. कागद पटला तर टँकर थांबणार, नाही तर मेपर्यंत वाडी वाळणार, इतकं ते सरळ होतं.

"टँकर जातात कुठे?" मी विचारलं.

"विरारला, नालासोपाऱ्याला. बिल्डिंगांना."

मी विरारलाच, मनवेलपाड्याला राहत होते. आमच्या बिल्डिंगला नळाचं पाणी नावापुरतं होतं, टाकी टँकरवरच भरायची, आणि आमचे सेक्रेटरी नव्या भाडेकरूला कौतुकाने सांगायचे की आपल्याकडे वसईकडच्या विहिरींचं गोड पाणी येतं. हे सगळं मला त्या क्षणी आठवलं. मी डब्यातली भाजी तिच्यापुढे सरकवली आणि म्हटलं, "दे की वही, त्यात काय."

वही आणायला मी एका रविवारी सांडोरला गेले. काका नुकतेच चर्चमधून, रविवारच्या मिस्सावरून आले होते, अंगात अजून इस्त्रीचा पांढरा शर्ट. चहाच्या आधी ते विहिरीकडे निघाले. घरात ते लेकीशी त्यांच्या बोलीत बोलायचे, ती मला निम्मी कळायची नाही. माझ्याशी मात्र ते शाळेच्या पुस्तकातली मराठी बोलत होते, एकेक शब्द नीट ठेवून.

काथ्याची दोरी होती, टोकाला दगड, आणि हाताहातावर गाठ. दगड पाण्याला टेकला की काठापर्यंत किती गाठी लागल्या ते मोजायचं. आकडा वाढला म्हणजे पाणी खाली गेलं. दोन गाठींमधला तुकडा ते बोटं ताणून वितीने मोजायचे. वहीत मी असले आकडे पहिल्यांदाच पाहिले. पाच, आणि पुढे उभे दोन दंड.

"एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण," काका म्हणाले. "आम्हाला शाळेत असंच होतं. आधी मी पुऱ्या गाठीच लिहायचो. पाणी भरपूर होतं, वीतभराकडे कोण बघतो? पण दिवाळीपासून पाव हातसुद्धा सोडला नाही, बाय. म्हातारा अंदाजाने बोलतो असं कुणी म्हणायला नको."

त्या दिवशी त्यांनी वहीत साडेअकरा लिहिले. आधीच्या वर्षांत मेमध्येसुद्धा आकडा सातच्या पुढे गेला नव्हता, आणि अजून मे यायचा होता.

घरचा माझा कंप्युटर ऑफिसने काढून टाकलेला होता. इटलीहून आलेला एक इंजिनीअर दोन वर्षं तो वापरत होता. तो परत गेला आणि मशीन माझ्याकडे आलं. मी त्याच्यावर पत्रं आणि याद्या केल्या होत्या, दशांशाची वेळ कधी आली नव्हती.

मी दोन दुपारी बसून वही उतरवली. एका दंडाचं पॉइंट पंचवीस, दोन दंडांचं पॉइंट पाच, तीन दंडांचं पॉइंट पंच्याहत्तर. जुन्या वहीचं नव्या मशीनमध्ये भाषांतर करतेय या कल्पनेने मी स्वतःवरच खूश होते. प्रत्येक वर्षाखाली सरासरीचा फॉर्म्युला टाकला, जून ते मे असं वर्ष धरून. यंदाचं वर्ष त्या रविवारपर्यंत.

पहिली तीन वर्षं चारच्या आसपास आली. यंदाचं आलं तीन, पुढे स्वल्पविराम, पुढे आकड्यांची रांग. तो स्वल्पविराम मी पाहिला. टिंबाच्या जागी स्वल्पविराम का, हा प्रश्न शाळकरी पोरालाही पडला असता. मला तो आकडा फक्त गबाळा वाटला. दशांश कमी करायचं बटण दाबत राहिले आणि चार, चार, चार, तीन असे चार स्वच्छ आकडे उरले.

म्हणजे यंदा पाणी वर आलं होतं.

इथून पुढचं लिहायला मला जड जातं. मला त्या आकड्याचा संशय आला नाही. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं. काकांचा समज आहे झालं, म्हाताऱ्या माणसांना वाटतं तसं, विहिरीला काही झालेलं नाही आणि आमच्या टाकीत येणारं पाणी कुणाच्या तोंडचं काढून आणलेलं नाही. वही माझ्या कोपराशी उघडी पडली होती. शेवटच्या ओळीत साडेअकरा होते, माझ्यादेखत मोजलेले. मी वही मिटली.

मैत्रिणीला मी कागद स्टेपल करून दिला. शेवटी काय निघालंय ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही, कारण एक्सेलचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे ते बरोबरच असणार.

चौकशी शनिवारी होती, चर्चच्या बाजूच्या हॉलमध्ये. तीस-चाळीस माणसं असतील. मी हौसेने गेले होते, आपला कागद साहेबाच्या हातात पाहायला. अधिकाऱ्याने पानं उलटली, मधल्या रांगांकडे बघितलंही नाही, सरळ शेवटच्या पानाच्या तळाशी गेला. माझी चूक झाकली गेली ती त्याच्या घाईमुळे, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होते.

"बाबा, तुमच्याच कागदावर लिहिलंय," तो म्हणाला. "तीन वर्षं चार हात, यंदा तीन. पाणी वर आलंय. टँकरवाल्यांना हार घाला."

मागच्या बाकांवर दोघंतिघं हसले, गावातलेच. काका वही छातीशी धरून उभे राहिले. त्यांनी मला गर्दीत शोधलं.

"बाय, जरा बघ ना. काही चुकलंय का?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझे कान तापले. तेव्हा मी एवढं म्हणायला हवं होतं की थांबा, मी पुन्हा तपासते. पण इतक्या लोकांत माझ्या एक्सेलवर कुणी शंका घेतली होती.

"मशीन सरासरीत चुकत नाही, काका," मी म्हणाले.

त्यांनी वहीकडे पाहिलं. मग, "मोजण्यातच माझं काही झालं असेल," असं म्हणून ते खाली बसले. अधिकारी म्हणाला, पुढच्या शनिवारी मी शेजारच्या गावात शाळेत बसणार आहे, काही नवीन असेल तर आणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंप्युटर लावला तो पश्चात्तापाने नव्हे. मला माझंच खरं ठरवायचं होतं. काकांनी कुठल्या रविवारी चूक केली ते शोधून दाखवायचं होतं. शेवटच्या आकड्यात गंमत म्हणून एक मिळवून पाहिला. उत्तराच्या जागी व्हॅल्यूची एरर आली. अकरा पॉइंट पाच अधिक एक, आणि मशीन म्हणतंय, हा आकडाच नाही.

मग मी पहिल्यांदा डोळे उघडून रकान्याकडे पाहिलं. क्लासच्या पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं होतं की आकडे चौकटीत उजवीकडे बसतात आणि अक्षरं डावीकडे. पुरे आकडे सगळे उजवीकडे होते. पाव, साडे आणि पाऊण, एकूण एक, डाव्या भिंतीला चिकटून उभे होते. मशीन त्यांना शब्द समजत होतं, आणि सरासरी काढताना शब्द सोडून देत होतं, न सांगता, न कुरकुरता.

सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं तर देश इटली होता. तिकडे दशांशाला स्वल्पविराम देतात. स्वल्पविराम घातला असता तर मशीनने साडेअकरा निमूट मान्य केले असते.

मी सेटिंगमध्ये स्वल्पविरामाच्या जागी टिंब लावलं. तरी आधीचे आकडे जागचे हलले नाहीत. प्रत्येक चौकट उघडून पुन्हा एंटर दाबायला लागत होतं. एकेक आकडा उडी मारून उजवीकडे जायचा आणि खालची सरासरी जराशी वाढायची. तीनाची सव्वातीन झाली, साडेतीन झाली, चार ओलांडली. मला तेव्हा कळायला लागलं की मी काय करून बसले होते. पावसाळ्यात पाणी वर होतं तेव्हा काका पुऱ्या गाठी लिहीत होते, ते सगळं मशीनने धरलं होतं. दिवाळीनंतर पाणी पळायला लागलं आणि ते वितीने, बोटाने मोजायला लागले, ते जवळजवळ सगळं टाकून दिलं होतं. त्या माणसाने जितकं जपून मोजलं तितकं माझ्या कागदाने पुसलं. शेवटचा एंटर दाबला तेव्हा खाली साडेपाच होते. मला रडू आलं आणि रडण्याचीही लाज वाटली.

सोमवारी मैत्रिणीला सांगितलं. "मशीनच्या सेटिंगची गडबड होती," असं सांगितलं. मी स्वल्पविराम बघितला होता आणि बटण दाबून घालवला होता, हे नाही सांगितलं. ती म्हणाली, "पपांनी काल विहीर मोजली नाही. चार वर्षांत पहिल्यांदा. शिंप्याकडून टेप आणून दोरीच्या गाठी मोजत बसले होते."

शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात मी काकांना नवा कागद दिला आणि चूक समजावली, जमेल तशी. टिंब, स्वल्पविराम, इटली. त्यांनी एकच विचारलं.

"म्हणजे दोरी बरोबर आहे?"

"दोरी बरोबर आहे, काका."

त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला तिथे उभं राहवेना. रागावले असते तर मी ते सोसलं असतं.

आमची पाळी आली. अधिकाऱ्याने जुना कागद काढला, नव्याशेजारी ठेवला. "गेल्या शनिवारी तीन, आज साडेपाच. आठवड्यात अडीच हात? यातलं खरं कुठलं? कुणी केलंय हे?"

माझं वाक्य तयार होतं. मी केलंय, चूक माझी आहे, वही बरोबर आहे, पाहिजे तर आत्ता विहिरीवर चला. सकाळपासून मी ते मनात घोकत होते. पण ते म्हटलं की तो विचारणार, तुम्ही कोण, राहता कुठे. मी एक श्वास घेतला, आणि तो जरा लांबला.

"माझंच चुकलं होतं, साहेब," काका म्हणाले. "चष्मा जुना होता. आता बदललाय."

अधिकारी हसला. चष्मा बदलला की आकडे बदलतात, अशा कागदावर मी काय आदेश देणार, असं म्हणून त्याने दोन्ही कागद फायलीत घातले आणि पुढचं नाव पुकारलं. मी उठले नाही. माझ्या दोन्ही बाजूंना जागा होती, कुणी अडवलं नव्हतं, आणि मी मूग गिळून बसून राहिले.

बाहेर काका पुढे चालत गेले. मैत्रीण माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली.

"पपांनी चष्मा बदललेला नाही," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले.

ती परत फिरली. टँकर थांबले नाहीत. पुढच्या महिन्यात कधीतरी त्या विहिरीत दोरीच्या टोकाचा दगड कोरडाच वर आला, हे मला ऑफिसात दुसऱ्याच कुणाकडून कळलं, कारण तोवर तिने टेबल बदलून घेतलं होतं. मी कुठे राहते हे तिने मला कधी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. त्या शनिवारी मी घरी पोचले तेव्हा टँकर नुकताच टाकी भरून गेला होता. संध्याकाळी टाकीचं पाणी नळाला आलं आणि मी सगळी भांडी भरून घेतली.