टायपिस्ट बाईनं खून केलाच नव्हता

माझं काम तपासणीचं. चाकणच्या कंपनीत दिवसभर पार्ट हातात घ्यायचा, ड्रॉइंगशी ताडून बघायचा, जुळला नाही की बाजूला काढायचा. त्यामुळे समोरची गोष्ट चुकीची आहे हे कळल्यावर गप्प बसणं मला जमतच नाही. बायको म्हणते, तुम्ही आमटीचंसुद्धा इन्स्पेक्शन करता. करतो, बरोबर आहे.

बाबा गेल्यापासून आईनं टीव्ही बघणं सोडलं होतं. मालिका नको, कीर्तन नको, कुणाकडे बसायला जाणं नको. पिंपळे गुरवच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती दिवस दिवस भिंतीला टेकून बसायची. काय करावं सुचेना. मग एके दिवशी आपणहून म्हणाली, "निगडीला असताना ह्यांनी दाखवलेला त्यो खुनाचा पिच्चर मिळतोय का बघ की." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! निदान काहीतरी मागितलं तिनं.

निगडीला आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. बाबा कारखान्यात लेथ मशिनवर टर्नर होते. सुट्टीला कधीमधी व्हीसीआर भाड्यानं आणायचे. दुकानातल्या हिंदी कॅसेटी लोकांनी सकाळीच उचललेल्या असायच्या. उरायचे ते जुने इंग्रजी रहस्यपट, कुठल्यातरी गाजलेल्या कादंबरीवरून काढलेले. बाबा तेच आणायचे आणि टीव्हीशेजारी खुर्ची टाकून आम्हाला मराठीत सांगायचे. "हा म्हणतोय, मी त्या दिवशी घरी नव्हतोच. खोटं बोलतोय लेकाचा!" त्या पिक्चरमध्ये एका श्रीमंत म्हाताऱ्याचा खून होतो आणि शेवटी पोलीस त्याच्या टायपिस्ट बाईला धरून नेतात. पण खून डॉक्टरनं केलाय, बाबांनी सांगितलं होतं. त्या डॉक्टरनं पूर्वी तिच्या भावाचा जीव वाचवला होता, म्हणून तिनं आळ स्वतःच्या अंगावर घेतला. आई तेव्हा पदर डोळ्याला लावून रडली होती. पुढे कितीतरी वर्षं कुणावर नाहक आळ आला की ती म्हणायची, "त्या टायपिस्टावानी झालं बिचारीचं."

कॅसेटवरचं नाव मला पाठ होतं. शोधायला बसलो. मोबाईलवरच्या ॲपवर आज दिसला, पैसे भरले, तर शनिवारी गायब. मग कळलं की त्याची नवी डिस्क निघाली आहे, चित्र धुऊनपुसून लख्ख केलेली. मागवली परदेशातून. आली, तर लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नाही! आमचा जुना प्लेअर कधीच भंगारवाल्यानं नेलेला. नवा आणला, तर पडद्यावर पाटी आली की ही डिस्क या देशात चालणार नाही. अरे, माझ्या पैशांनी घेतलेली डिस्क माझ्या घरात का चालू नये? डोकं फिरलं नुसतं. शेवटी कंपनीत माझ्याच लाईनवर काम करणाऱ्या, कुरुळी गावच्या मित्राकडे कुठल्याही देशाची डिस्क चालवणारा प्लेअर निघाला. तो आणायला गेलो, तर येताना हायवेवरच्या ट्रॅफिकनं जीव काढला.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर लावला. चित्र खरंच आरशासारखं. पण खाली येणाऱ्या संवादांच्या पट्ट्या कुठल्या कुठल्या भाषांत! डेन्मार्कच्या माणसाची सोय आहे, माझ्या आईची नाही. मराठी सोडा, हिंदीसुद्धा नाही. म्हटलं ठीक आहे, इंग्रजी पट्ट्या वाचून मीच सांगतो. आई पुढे सरकून बसली. किती महिन्यांनी!

आणि शेवटी त्या टायपिस्ट बाईनं कबुली दिली. म्हाताऱ्याच्या कॉफीत विष तिनंच घातलं होतं, दागिन्यांसाठी. भाऊबीऊ काही नाही. डॉक्टर बिचारा साधा.

"न्हाई," आई म्हणाली. "डॉक्टरनं केलाय."

"आई, ती स्वतः सांगतेय."

"खाली लिवलेलं चुकलं आसंल."

"अगं, मूळ पिक्चर आहे हा! साफ करून नव्यानं काढलाय."

"मग साफ करताना डॉक्टरचं काढून टाकलं आसंल."

मी मागे नेऊन कबुली परत लावली. परत वाचली. पुन्हा मागे नेली. आई मान हलवत राहिली. माझा पारा चढला. एवढा आटापिटा करून आणलेला पिक्चर आणि ही मलाच खोटं पाडतेय! जे बोलायचं नव्हतं ते तोंडातून गेलंच. "आई, बाबांना इंग्रजी येतच नव्हतं. थापा मारल्या त्यांनी आपल्याला!"

आई शांतपणे म्हणाली, "मला म्हाईत न्हाई व्हय? घरात इंग्रजी कागद आला की खालच्या मास्तरांकडं वाचून घ्यायला मीच जायची."

मी विचारलं, "मग रडलीस कशाला तेव्हा?"

"आरं, दिवसभर मशिनीवर उभा ऱ्हाऊन त्यो मानूस घरी आला की तोंड उघडायचा न्हाई. भाजीत मीठ न्हाई एवढंबी सांगायचा न्हाई. पिच्चर लावला की मातूर बोलायचा. त्या बाईचा भाऊ काय, डॉक्टर काय, कुठनं कुठनं सुचायचं त्येस्नी." मग म्हणाली, "तेवढं ऐकावं वाटलं, म्हनून म्हटलं लाव."

"मग मीही सांगतोच आहे की मघापासून!"

"तू वाचून दाखवतोयस," ती म्हणाली. "बंद कर त्ये. आनि बोल काहीतरी."

मी पिक्चर बंद केला. रिमोट खाली ठेवला. आई माझ्याकडे बघत वाट बघत होती, आणि मला तिच्याशी बोलायला एक वाक्य सापडेना.