नाकाच्या शेंड्यावरची नागीण

सोनूबाई मला कधीच आवडली नाही, हे आधी सांगून टाकते. मालाडच्या बाजारात इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून मी नारळ आणि कोकम विकलं, पण आमचं वाजलं नाही असा दिवस गेला नसेल. तिच्या पाटीतलं मासळीचं पाणी माझ्या गोणपाटाखाली यायचं. मी बोलले की म्हणायची, शेवंते, समुद्राला जाऊन सांग. असलं तोंड. पण तिच्याबद्दल लोक जे बरळतात ना, ते ऐकून माझं डोकं फिरतं, म्हणून आज बोलतेय.

ती मनोरीची कोळीण. सकाळच्या पहिल्या तरीने खाडी ओलांडून मार्व्याला उतरायची, तिथून पाटी घेऊन बसने मालाडला. बाजारातली खांबाजवळची जागा तिच्या सासूची. सासूची जागा सुनेला जाते, तीही थोरल्या सुनेला, असा त्यांच्यात रिवाज. थोरली सून मालन. पण म्हातारी मरताना सांगून गेली की खांबाजवळ सोनू बसेल, मालनला गिऱ्हाईक टिकवता येत नाही. झालं. त्या दिवसापासून दोघी जावांचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

अडुसष्ट साली सोनूबाईच्या डाव्या भुवईच्या वर फोड आले. नुसती आग. रात्री डोकं भिंतीवर आपटावंसं वाटायचं म्हणे. नागीण. आता नागीण म्हटली की आपल्याकडे जो तो वैद्य. तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळालं की माणूस खलास, हे शेंबड्या पोरालाही पाठ. मनोरीत नागीण उतरवायचा मान धोंडिरामचा, म्हणजे मालनच्या नवऱ्याचा, सोनूबाईच्या थोरल्या दिराचा. त्याने गेरू उगाळला, कपाळापासून पापणीपर्यंत थापला, काहीबाही पुटपुटला आणि बजावलं की पाणी लावायचं नाही आणि डॉक्टरची सुई टोचून घ्यायची नाही, सुई लागली की नागीण खवळते. सोनूबाईचा नवरा हरेश्वर. थोरल्या भावापुढे त्याची मान कधी वर झालीच नाही, तेव्हाही नाही झाली.

मग फोड खाली सरकले आणि एक नाकाच्या शेंड्यावर आला. धोंडिराम खूश! शेपूट शेंड्यावर आलं, आता नागीण उतरली, असं त्याने जाहीर केलं. घरात नारळ फोडला. नारळ माझ्याकडूनच नेला होता. गेरूखाली तिचा डोळा सुजून बंद झाला होता, तो उघडून बघायचं मात्र एकालाही सुचलं नाही.

सूज गेली, डोळा उघडला, तो लालभडक. महिने गेले तरी लालच, त्यात बुबुळावर ढग आल्यासारखं. शेवटी ती एकटीच शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात गेली. परत आली ती सरळ माझ्यापाशी येऊन बसली, कारण घरी सांगायची सोय नव्हती. तिथल्या डॉक्टरने नीट समजावलं होतं. लहानपणी कांजिण्या येतात, त्यांचं विष अंगात दबा धरून बसतं आणि मोठेपणी नागीण होऊन निघतं. बुबुळात रक्ताच्या शिरा नसतात, म्हणून ते काचेसारखं असतं. नागिणीने तिथे इतकी सूज आणली की बाजूच्या शिरा आत घुसल्या. सूज ओसरली, शिरा राहिल्या. त्या आता जाणार नाहीत. दिसेल ते धुरकट दिसेल, डोळा लाल राहील, पण कुणाला लागण होणार नाही.

"नाकाच्या शेंड्याची आणि डोळ्याची नस एकच," ती मला म्हणाली. "शेंड्यावर फोड आला त्याच दिवशी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणतो. आणि त्या दिवशी आम्ही नारळ फोडत होतो."

तिने धोंडिरामला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, जीव वाचवला ते विसरलीस, आणि डोळ्याचं रडतेस? शिरा पडली त्याच्या तोंडावर, आमच्या मालवणी शिवीत सांगायचं तर. पण खोटारडा नव्हता तो, हीच खरी पंचाईत. त्याचा स्वतःच्या गेरूवर विश्वास होता.

बाजारात वेगळाच छळ. बाया मासा घेताना कल्ला उघडतात, मग माशाचा डोळा बघतात, स्वच्छ आहे का. तो बघून झाला की मान वर करून हिचा डोळा बघायच्या आणि पापलेट परत पाटीत ठेवायच्या. कुणी म्हणे, सकाळीच दारू टाकून येते. सोनूबाई शिव्या द्यायची, मग राहिलेलं गिऱ्हाईकही जायचं. तरी खांब सोडला नाही. त्या जागेवर तिचं घर चालत होतं, हरेश्वरच्या होडीवर नव्हे.

एकाहत्तर साली मुंबईभर डोळे आले. जय बांगला म्हणायचे त्याला, तिकडे बांगलादेशाची लढाई चालू होती म्हणून. जिकडे बघाल तिकडे लाल डोळे आणि काळे चष्मे. आलेल्या डोळ्याकडे बघितलं की आपले येतात, अशी सगळ्यांची खात्री. मालनने संधी साधली. बाजारभर सांगत सुटली की साथ सोनीच्या डोळ्यातून निघाली. सगळ्या कोळणी एक झाल्या, साथ जाईपर्यंत सोनीने बाजारात यायचं नाही. दुसऱ्या दिवशी खांबाजवळ मालनची पाटी.

आठवड्याभरात एकेकीचे डोळे निवळले. सोनूबाईचा कसा निवळणार? तर म्हणायला लागल्या, सगळ्यांचे गेले, हिचाच राहिला, म्हणजे मूळ हिच्यातच. मी घसा फोडून ओरडले, अगो, साथ आत्ताची, हिचा डोळा तीन वर्षांमागचा! कोण ऐकतंय. मला म्हणाल्या, तू घाटी नारळवाली, आमच्यात पडू नको. मालवणच्या बाईला घाटी म्हणतात, एवढी यांची अक्कल. तर जागा गेली ती गेली. सोनूबाई डोक्यावर पाटी घेऊन इमारतींचे जिने चढायला लागली. तिथेही बाया दार किलकिलं करून डोळा बघायच्या आणि लावून घ्यायच्या.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत मालन कपाळभर गेरू थापून बाजारात आली. नागीण! कुणीही घरी पडून राहिलं असतं. पण उठले तर सोनी बसेल, या भीतीने ही बया खांबाला चिकटून कण्हत होती. दुपारी मी बघितलं, तिच्या नाकाच्या शेंड्यावर फोड. तीच कौतुकाने दाखवत होती, उतरली म्हणून.

मी तिला म्हटलं, बाई गं, आज्जच्या आज्ज डॉक्टरकडे जा, सोनूचं असंच झालं. तर माझ्यावरच उलटली. सोनीने तुला पढवून पाठवलंय, मी उठले की तिची पाटी इथे, मला काय खुळी समजतेस? चार बायांदेखत माझा उद्धार केला. जा मर, म्हटलं आणि माझ्या जागेवर येऊन बसले.

पण गप्प राहवेना. सोनूबाई जिने उतरून बसस्टॉपकडे निघाली होती, तिला गाठून सांगितलं. ती रिकामी पाटी काखेत घेऊन तडक बाजारात शिरली आणि मालनसमोर उभी राहिली. वाकून तो फोड बघितला. मालनने तोंड फिरवलं.

"त्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलंय ना?" सोनूबाई म्हणाली.

मालन पदराने तो डोळा पुसायला लागली.

"मला डॉक्टर माहीत आहे, औषध माहीत आहे. आज गेलीस तर डोळा राहील. जागा सोड, मग नेते."

मला किळस आली, खोटं कशाला बोलू. बाई डोळ्याने जातेय आणि ही जागेचा सौदा करतेय! मालन तिच्याकडे बघत राहिली, त्या लाल डोळ्यातच. मग म्हणाली, अर्धी देते. सोनूबाई म्हणाली, अख्खी, आणि या सगळ्यांसमोर बोल. मालन सगळ्यांसमोर बोलली. पाटी उचलली. दोघी शहरात गेल्या, वाटेत एकमेकींशी अक्षर बोलल्या नसतील.

मालनचा डोळा वाचला. थेंब, मलम, फेऱ्या, सगळं सोनूबाईने करवून घेतलं. डोळा असा स्वच्छ झाला की काही झालं होतं हे सांगूनही पटू नये. धोंडिराम अजून सांगतो की गेरूने वाचला. आणि मालन? ती गावभर सांगते की जावेने अडलेलीची मान मुरगळली, डोळा वाचवायला जागा घेतली. लोकांनाही तेच आवडतं. लाल डोळ्याची कैदाशीण, म्हणतात.

सोनूबाई खांबाजवळ परत बसली, आणि दुसऱ्याच दिवशी तिचं पाणी माझ्या गोणपाटाखाली. मी भडकलेच होते. म्हटलं, सोने, तुला लाज कशी नाही वाटली? फुकट सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?

तिने बोंबलांवरचं फडकं ओलं करून परत पसरलं.

"तू सांगितलंस की फुकट," ती म्हणाली. "गेली का ती?"

मी गोणपाट उचलून खालचं पाणी निपटायला लागले.

"फुकट सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, सोनी माझा दुसराही डोळा घालवायला आली. मोल मागितलं, तेव्हा खरं वाटलं तिला." मग गिऱ्हाईक दिसलं म्हणून तिने डोक्यावरचा पदर डाव्या डोळ्यावर ओढून घेतला. "आणि जागा माझीच होती गं."